डावीकडची निळी गाडी

फौजदारांचा खऱ्या फौजदारीशी काडीचाही संबंध नव्हता. ते शहरातली बस चालवायचे. पण डेपोत कुणाचा डबा सांडला, कुणाचा टॉवेल हरवला, की चौकशी हेच सुरू करणार आणि गुन्हेगारही हेच ठरवणार, म्हणून हे नाव त्यांना चिकटलं. घरीही सुटका नव्हती. दूध नासलं तरी आधी फ्रिजचा आणि मग बायकोचा जबाब घेतला जायचा.

सध्या आरोपीच्या पिंजऱ्यात लेकीचा जुना कॉम्प्युटर होता.

लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, तेव्हा तो इथेच सोडून गेली. एके काळी खास गेम खेळण्यासाठी जोडून घेतलेला, आत दिवे चमकणारा आणि जरा काम पडलं की घरघरणारा खोका. जाताना तिने टेबलाला अडकवायचं स्टिअरिंगही बसवून दिलं. मग दर रविवारी सकाळी इंटरनेटवरून बापलेकीची शर्यत लागायची. जुन्या गेममध्ये फौजदार हटकून जिंकायचे. मध्यंतरी लेकीने नवा गेम टाकला आणि सगळं फिसकटलं. नव्या गेममध्ये ओला रस्ता खरोखर ओला दिसायचा, झाडांच्या सावल्या बॉनेटवरून सरकत जायच्या, आणि फौजदारांच्या डाव्या बाजूला गाड्या हवेतून टपकायच्या. आधी काही नाही आणि मग धाडकन धक्का.

"बाबा, मुद्दाम ढकलतोयस का मला?" हेडफोनमधून लेकीचा आवाज आला.

"तू होतीस कुठे?"

"तुझ्या शेजारी. निळी गाडी. अख्ख्या वळणात तुझ्या बरोबरीने होते."

"मला नाही दिसलीस. तुझ्या या डबड्याला नवा गेम झेपत नाही. गाडी वेळेवर दाखवतच नाही ते."

लेक हसली. "खरी बस तरी नीट चालवतोस ना?"

थट्टाच होती ती, पण फौजदारांना झोंबली. बस म्हणजे त्यांची इज्जत होती. सगळी नोकरी त्यांनी गाडीला ओरखडा न पडू देता काढली होती. गेल्या आठवड्यात मात्र गाडी डेपोत लावली आणि डाव्या बाजूचा आरसा फुटलेला निघाला. फौजदारांनी तिथल्या तिथे छडा लावला. गाड्या धुणाऱ्याने पाइप ओढताना आरसा फोडला, दुसरं कोण फोडणार? तो बिचारा शपथा घेत राहिला, पण फौजदारांच्या शब्दापुढे त्याचं कोण ऐकतंय! साहेबांनी त्याला घरी बसवलं.

आता प्रश्न सरळ होता. खोट या खोक्यात होती हे सिद्ध झालं की चालवणाऱ्यावर कुणी बोट ठेवायचं कारण नव्हतं.

फौजदारांचा संशय कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यावर होता. महिन्यापूर्वी हा गृहस्थ धूळ काढायला म्हणून आला होता आणि नेमके त्याच वेळी फौजदार आंघोळीला गेले होते. पडद्यावरची चित्रं काढणारं चांगलं कार्ड काढून त्याने मोडकं बसवलं असणार. नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं.

दुरुस्तीवाला आला. त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हरसुद्धा फौजदारांनी निरखून पाहिला. खोका उघडला गेला.

"कार्ड तेच आहे," तो म्हणाला. "जुनं आहे, पण रडत नाही. गेमची चित्रं जरा साधी ठेवली तर आरामात चालेल."

"चालवून दाखवा."

दुरुस्तीवाला स्टिअरिंगवर बसला. फौजदार मागे उभे. गाड्या आल्या, बाजूने सरकल्या, पुढे गेल्या. धक्का नाही की काही नाही. फौजदारांची भुवई वर गेली. गेम ऐन वेळी शहाण्यासारखा वागला, म्हणजे या माणसाने चोरून काहीतरी बटण दाबलं.

"उठा. मी बसतो."

ते बसले, गाडी पळवली आणि पहिल्याच वळणावर धाडकन!

"बघा. टपकली की नाही?"

दुरुस्तीवाला पडद्याकडे बघतच नव्हता. तो फौजदारांकडे बघत होता. "भाऊ, ती गाडी केव्हाची दिसत होती."

"मला वेड्यात काढू नका."

"नाही काढत. पण कार्ड कमी पडलं ना, तर सगळंच चित्र अडखळतं. रस्ता, झाडं, सगळं. नेमकी डावी बाजू तेवढी गाळायची, असं काही त्याला जमत नाही."

फौजदारांनी स्टिअरिंग पुन्हा हातात घेतलं. तेवढ्यात त्यांना चहा आठवला आणि ते आतल्या दिशेने ओरडले, "अगं, चहा सांगितला होता त्याचं काय झालं?"

बायको दारात आली. "अहो, मघाशीच ठेवलाय तुमच्यापुढे. कालही तसाच गार केलात आणि माझ्यावर डाफरलात."

कप टेबलावर होता. स्टिअरिंगच्या डावीकडे. मान वळवली तेव्हा दिसला.

दुरुस्तीवाल्याने खोका बंद केला आणि तो निघाला. जाताना त्याने कामाचे पैसेही मागितले नाहीत आणि नेमकं तेच फौजदारांना खटकलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे जबाब घेतलेला माणूस, आता प्रश्न थांबवायचे तर तेही जमेना. आरसा डावीकडचा. निळी गाडी डावीकडची. परवा बस सुटताना एक बाई ओरडली होती, "अहो, माणूस चढतोय!" तो माणूस कुठल्या बाजूने चढत होता?

त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. पडदा काळा झाला.

"हे बघ," ते बायकोला म्हणाले, "मी या पडद्याच्या मधोमध बघतो. मान हलवणार नाही. तू डावीकडून हळूहळू पुढे ये. दिसलीस की सांगतो."

"हे काय नवीन?"

"ये तर."

त्यांनी नजर रोखली. काळा पडदा, उजवीकडची खिडकी, खिडकीतली कुंडी, सगळं लख्ख. ते वाट बघत राहिले.

"अगं, निघ की."

"मी केव्हाची इथेच उभी आहे," बायको अगदी कानाशी म्हणाली. "हात हलवतेय तुमच्यापुढे."

भरलेली बस फौजदारांच्या डोळ्यांपुढे आली, पायरीवर लोंबकळणारी, पाय ठेवायच्या बेतात असलेली माणसं आली. त्यांना इतकी भीती कधीच वाटली नव्हती. आपण नशिबाने वाचलो, असंही त्यांना म्हणवेना. वाचली होती ती माणसं.

थोड्या वेळाने त्यांनी डेपोला फोन लावला.

"साहेब, उद्यापासून माझी गाडी दुसऱ्या कुणाकडे द्या. मी आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातोय, पुढचं ते सांगतील तसं. आणि त्या गाड्या धुणाऱ्याला परत बोलवा. आरसा त्याने नाही फोडला. मी फोडला."

साहेबांना ती थट्टा वाटली. "फौजदार, तुम्ही आणि कबुली? पुरावा काय?"

"साक्षीदार आहे," फौजदार म्हणाले आणि जिथे काहीच दिसत नव्हतं त्या बाजूला त्यांनी हात लांब केला. बायकोने तो धरला.