आवाज बंद करून पाहिलेले व्हिडिओ

दुकानातल्या कारागिराने गिटार हातात घेतलीसुद्धा नाही. काउंटरवर पडली होती तशीच तिच्यावर बोट टेकवलं.

"ब्रिज उखडलाय, मावशी. तारा खाली ज्या पट्टीत अडकतात ना, तीच अर्धी सुटलीये. आता हिच्यात जीव नाही. भिंतीला टांगा, छान दिसेल."

"भिंतीला घड्याळ आहे," मावशी म्हणाली, आणि गिटार पिशवीत घालून निघाली.

मावशीचा धंदा दुरुस्तीचा, पण कपड्यांच्या. कुणाची पँट आखूड करायची, कुणाचा कोट सैल करायचा. गिटार तिच्या वडिलांची. त्यांनी हॉटेलातल्या बँडमध्ये उभी हयात ती वाजवली, आणि मावशीला लहानपणी तिच्यावर एक चाल शिकवली, तेवढीच. आता थोरल्या भावाने नवं घर घेतलं होतं. सोफ्यासमोरची भिंत त्याने गिटारीसाठी मोकळी ठेवली होती, वर दिवाही लावून घेतला होता.

"रविवारी न्यायला येतो," त्याने फोनवर सांगितलं.

"दादा, वाजणारी वस्तू टांगत नाहीत."

"वाजणारी? सुईबाई, बाबा गेल्यापासून तिने हूं की चूं केलंय का?"

"रविवारपर्यंत केलं तर ती माझी. नाही केलं तर खुशाल टांग."

"आणि दुरुस्त कोण करणार? तू? पँटची चेन नाहीये ती."

"तुला चेन तरी बसवता येते का?"

फोन ठेवल्यावर तिने मशीनवरचं कापड बाजूला सारलं आणि मोबाइल बॉबिनच्या डब्याला टेकवून उभा केला. गिटार दुरुस्ती, असं शोधलं. बघता बघता पडदा चॅनलांनी भरला. एकाच्या मागे वीस गिटारी टांगलेल्या, आणि तो प्रत्येक वाक्याला ओरडत होता. दुसरा खोक्यांमागून खोकी उघडायचा आणि आत जे निघेल ते जगातलं सर्वांत उत्तम असायचं. तिसऱ्याची बोटं विजेसारखी पळत होती, पण ब्रिज कसा काढला ते दाखवायच्या वेळी गडी नेमका दुसऱ्या कॅमेऱ्यावर गेला, आणि परत आला तेव्हा काम झालेलं.

मावशी फसणारी नव्हती. शिंप्याचं काम जोखायचं तर कपडा उलटा करून बघायचा, बाहेरून सगळेच चांगले दिसतात. तिने तोच नियम लावला. आवाज बंद केला, कारण भाषा तशीही अर्धीच कळत होती, आणि नुसते हात बघत बसली. जो हात चुकलेला दाखवेल, तो खरा. जो कधीच उसवत नाही, तो शिवतच नाही.

दोन दिवस कपडे शिवता शिवता ती चॅनल चाळत राहिली, आणि ओठांत तिचं नेहमीचं गुणगुणणं चालू:

टाका टाका घालते, दोरा धरून चालते,
उसवलं तर उसवू दे, पुन्हा टाका घालते.

बुधवारी सापडले खोकणारे काका. चॅनलला मोजके बघणारे, खोलीत एकच बल्ब, मागे कपाटाचं अर्धं दार उघडं. काकांनी ब्रिजवर इस्त्री ठेवली, डिंक मऊ झाल्यावर पातळ सुरी आत सरकवली, आणि सुरी घसरून लाकडाचा कपचा उडाला. काकांनी डोळे मिटले, खोकले. मग तोच कपचा कॅमेऱ्यासमोर धरला, आणि तो परत कसा चिकटवायचा ते सावकाश दाखवलं.

"हा माणूस माझा," मावशी मशीनला म्हणाली.

इस्त्री तर तिच्या हाताखालचीच. गुरुवारी दुपारी तिने ब्रिजवर कापड अंथरलं, आणि तीस वर्षांच्या सवयीने हात आपोआप पाण्याच्या फवाऱ्याकडे गेला. सुरकुती मोडायची तर पाणी शिंपडायचं. चर्र झालं. कापड उचललं तर ब्रिज पुरता सुटला होता खरा, पण भोवतीच्या पॉलिशवर तळहाताएवढा पांढरा ढग उमटला होता.

तिने व्हिडिओ पुन्हा लावला, या वेळी आवाजासकट. इस्त्री ठेवण्याआधी काका स्वच्छ सांगत होते: कापड कोरडं हवं, पाण्याचा थेंबसुद्धा नको. इतकं तर तिलाही कळलं.

मावशीने इस्त्री बाजूला ठेवली. नंतर व्हिडिओ पहिल्यापासून पाहिला, थांबवून थांबवून, एकही शब्द न सोडता. जुना डिंक खरवडला, नवा लावला, ब्रिज जागेवर दाबून वर बिडाची जड इस्त्री ठेवली, थंडगार. शुक्रवारभर तिला बोट लावलं नाही. शनिवारी तारा चढवल्या.

रविवारी दादा आला. दारातच त्याची नजर डागावर गेली.

"हे काय करून ठेवलंस? आता दिवाणखान्यात कशी लावायची ही?" तो चुकचुकला. "जाऊ दे. राहू दे तुझ्याकडेच."

गिटार तिची झाली होती. अगदी सहज. मावशीने गिटार मांडीवर ओढली.

"डागाळली म्हणून टाकून चाललास, तसली मला नको. बस."

"अगं, देतोय ना?"

"देतोयस कुठला? पैज लागलीये आपली. खाली बस, दादा."

तो कपड्यांच्या गठ्ठ्याशेजारी स्टुलाच्या कडेवर टेकला, गाडीची किल्ली हातातच. मावशीने वडिलांची चाल धरली. बोटं तिसऱ्या वळणाला अडली. ती थांबली, मागे गेली, पुन्हा धरली. पुन्हा तिथेच अडली.

"पुरे गं, कळलं."

"संपली नाहीये."

चौथ्या खेपेला चाल त्या वळणावरून पार झाली. ओबडधोबड, पण शेवटपर्यंत गेली. किल्ली कधी खिशात गेली ते दादालाही समजलं नसावं.

"वाजते का?" मावशीने विचारलं.

"वाजतेय."

"कुणी वाजती केली?"

दादाने डागाकडे पाहिलं, मग तिच्या बोटांवर उठलेल्या तारांच्या वळांकडे.

"कुणी, दादा?"

"तू," तो म्हणाला. "पण दुसरी तार उतरलीये."

"मग उतरू दे," मावशी म्हणाली, खुंटी पिळली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.