पानांत अडकवलेलं बोट

“भाऊ, आत्याबाईंना वाचता येत होतं,” धुरपदाबाईंची सून रत्ना सासूबद्दल म्हणाली, आणि नूर महंमदने ओठांशी नेलेला चहा तसाच खाली ठेवला.

जळगावला मेहरूणमध्ये तो तैलचित्रं रंगवायचा. धुरपदाबाई गेल्याचं कळलं, म्हणून नरडाण्याजवळच्या या घरी भेटायला आला होता. समोर भिंतीवर त्यानेच दोन वर्षांपूर्वी रंगवलेलं धुरपदाबाई आणि त्यांच्या नवऱ्याचं चित्र होतं. छगनआबांच्या हाती जाडजूड पुस्तक, पानांत बोट अडकवलेलं. ही रीत त्याला वडिलांनी शिकवली होती. जुन्या दिवाण-सरदारांच्या चित्रांत असंच असे. पुस्तक म्हणजे माणूस जाणता, आणि पानांत बोट म्हणजे वाचता वाचता नुकतीच मान वर केलेली. आबा सहीच्या जागी अंगठा उठवत, तरी ते कुणाला खटकलं नव्हतं. बाईमाणसाच्या हाती मात्र फूल, नाहीतर मूल.

तेव्हा, चित्र रंगवताना, धुरपदाबाई हळूच म्हणाल्या होत्या, “मना हातमा बी पुस्तक दे ना भाऊ.”

“अक्का, उलटं धरलं तर?” नूर हसला होता. त्यांचा मुलगा गिरधरही हसला.

धुरपदाबाईंनी पदर सारखा केला. “ऱ्हाऊ दे,” एवढंच म्हणाल्या. त्याने त्यांच्या हाती गुलाब दिला.

“माझ्या पोरीच्या पुस्तकांवरून, चित्राच्या आधीच शिकल्या होत्या,” रत्ना सांगत होती. “दुपारी आबांना पेपर वाचून दाखवायच्या. बाहेर सांगू नको म्हणायच्या, लोक हसतात.”

नूर महंमदला मान वर करवेना.

“चित्र द्या. दुरुस्त करून आणतो.”

“आता कशाला?” गिरधर म्हणाला. “आईच्या हाती पुस्तक बघून लोक काय म्हणतील?”

खाटेवरून छगनआबा बोलले, “मी आंगठाबहाद्दर शे. मना हातमानं पुस्तक काढ. तिना हातमा दे.”

नूरने गुलाब खरवडला. आबांचे हात रिकामे करून मांडीवर ठेवले. धुरपदाबाईंचं बोट पानांत रंगवताना मात्र कुंचला अडला. त्या दिवशी नुसतं विचारलं असतं, तरी त्यांनी चार ओळी वाचून दाखवल्या असत्या. त्याने विचारलंच नव्हतं.

आठवड्याने चित्र घेऊन तो आला. आबांनी बायकोच्या हातातलं पुस्तक बघितलं. “हाई बराबर शे,” म्हणाले.

गिरधर जवळ जाऊन वाकला. “नूरभाई, खाली कोपऱ्यात तुमचं नाव होतं ना? दिसत नाही.”

नूर महंमद खिळ्याला दोरी अडकवत होता.

“मीच पुसलं. असू द्या,” तो म्हणाला आणि फ्रेम सरळ करत राहिला.