वाढलेली झाडं

"थांबा सायेब," म्हणत हरणाबाई सतरंजीवरून उठली आणि पदर खोचत थेट फळ्यापाशी गेली. शिराळ्याच्या डोंगरावरल्या त्या धनगरवाड्यात वनखात्याची बैठक भरली होती. वादळानं, दरडीनं जंगलाची जी मोडतोड होते तिला साताऱ्यात एक म्हणतात नि सांगलीत दुसरंच. आता साऱ्यांनी एकच शब्द वापरायचा, असं वरून ठरलं होतं. वनपाल जयराज यांनी फळ्यावर लिहिलं होतं, 'वाऱ्यानं पडलेलं झाड'.

"देवराईतल्या झाडाला पडलं म्हनू नये. आमी वाढलं म्हंतो."

"वाढलं?"

"बांगडी वाढती, नारळ वाढीवत्यात. तसंच देवाचं झाडबी वाढतं."

जयराज यांचा खडू हातातच राहिला. कोरेगावात त्यांच्या आईच्या बांगड्याही कधी फुटल्या नव्हत्या, वाढल्याच होत्या. दर पावसाळ्यानंतर हरणाबाईला खात्याचा फोन यायचा, 'देवराईत झाडं किती वाढली?' हरणाबाई राईत फिरून येऊन इमानानं आकडा सांगायची. वारा दरसाल राई मोडत होता आणि खात्याच्या लेखी राई दरसाल फोफावत होती. आता दाटी फार झाली म्हणून विरळणीचा, म्हणजे मधली झाडं तोडायचा, हुकूम निघाला होता. सांगितली तेवढी झाडं मजुरांनी लाल पट्टे ओढून तोडणीसाठी खुणावली होती. राई उरलीय किती, हे बघायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

जयराज यांनी हा घोळ उलगडून सांगितला तसं हरणाबाईच्या ध्यानात आलं. आपल्याच तोंडानं आपण देवाची राई तोडायला दिली.

"मग थांबवा की आता. चूक कळली न्हवं?"

"मावशी, हुकूम वरचा हाय. मी कळवतो. पण उत्तर यायला म्हैनं जातील, आन् करवतवाले उद्याच येनार."

"मग ह्या बैठकीचा उपेग काय?"

"फुडं अशी गल्लत व्हायची न्हाई," जयराज खाली मान घालून म्हणाले. "तेवढं आजपास्नं पडलं म्हना."

वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. शब्द मात्र एकमतानं ठरला.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळेलाच करवत सुरू झाली. हरणाबाई चुलीपुढून हलली नाही. पहिलं झाड कोसळलं तशी मांडणीवरली भांडी थरथरली. तिचा नवरा आकाराम डोळ्यांनी पार अधू झालेला. ओट्यावर बसल्या बसल्या त्यानं वाऱ्याचा अंदाज घेतला. वारा कुठंच नव्हता.

"काय गं, वाढलं का एकादं?"

खात्याचा शब्द तिच्या ओठावर आला, पण तोही खरा नव्हता.

"न्हाई," ती म्हणाली. "पाडलं."