काकांचं नाक

ऑफिसात त्यांना सगळे नाकवाले काका म्हणत, आणि त्यात थट्टा कमी, आदरच जास्त होता. जुना कारखाना पाडून तिथे घरं बांधायची तर आधी जमिनीत काय मुरलंय ते बघावं लागतं. ड्रिल मशीन खोलातली माती वर काढी, काका ढेकूळ नाकाशी नेत आणि म्हणत, "ही पाठवा," नाहीतर, "पुढे चला." प्रयोगशाळेत जायची ती काकांनी निवडलेलीच माती. आता वास मोजायची यंत्रं असतात हो, पण साहेबच म्हणत, आमचे काका असताना यंत्राचे लाड कशाला!

आणि ते नाक गेल्या वर्षीच्या तापात कायमचं गेलं होतं. शेजारी दूध करपून कोळसा झालं तरी काकांना पत्ता नव्हता. ठाऊक होतं ते एकट्या बायकोला. ती रोज कानीकपाळी ओरडे, "अहो, सांगून टाका साहेबांना." काका म्हणत, "उद्या सांगतो." तो उद्या काही उजाडेना. सव्वीस वर्षांची अब्रू एका वाक्यात घालवायची? मग ते मातीचा रंग बघून अंदाजपंचे ठोकून देत, आणि घरी आल्यावर त्यांना घास गिळवत नसे.

त्या दिवशी रंगाच्या कारखान्याची जागा होती. काकांनी ढेकूळ हुंगलं. "पुढे चला."

"काका!" नवी केमिस्ट नाकाला रुमाल लावून उभी होती. "चेष्टा करताय का? थिनरची बाटली फुटल्यासारखा वास सुटलाय!"

मशीनवालाही टकामका बघू लागला. पण काकांचं तोंड कुठलं गप्प बसायला? "शाब्बास! तुझीच परीक्षा घेत होतो."

मशीनवाला खो खो हसला. निभावलं एकदाचं. पण काकांना स्वतःचीच इतकी शरम वाटली की ते पाठ फिरवून उभे राहिले.

"घाबरवलंत की हो," ती म्हणाली. "म्हटलं, काकांचं नाक चुकायला लागलं तर आमच्या ताईच्या बाळाचं काय? तुम्ही आठ महिन्यांपूर्वी पास केलेल्या त्या गोदामाच्या जागेत पाळणाघर झालंय ना, तिथेच असतं ते. दिवसभर मैदानात बसून माती खातं, लबाड! ताईला मीच सांगितलं, खाऊ दे गं, काकांनी हुंगलेली आहे."

गोदामाची माती काकांना आठवली. काळी, भुसभुशीत. त्यातलं एक ढेकूळही त्यांनी प्रयोगशाळेत पाठवलं नव्हतं.

"मशीन बंद कर रे," ते म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "मला वास येत नाही, पोरी. वर्ष झालं. कसलाच येत नाही."

"पुन्हा परीक्षा!" ती हसली. "आता नाही हं मी फसायची."

काकांचे डोळे भरलेले दिसले तेव्हा कुठे तिचं हसू थांबलं.

"पाळणाघराला फोन लाव," काका म्हणाले. "पोरांना मातीतून उठवून आत घ्या म्हणावं. आत्ताच्या आत्ता."