मागच्या बाजूची गाणी

तबकडी दोन्ही तळव्यांच्या मध्ये तोलून धरत आई ती मऊ फडक्याने पुसत होती, तेवढ्यात मुलीने टेबलावर एक पांढरा खोका आणून ठेवला.

"हे काय?"

"फोन. तुझ्यासाठी. ते तुझं डबडं आता निवृत्त कर."

"चालतोय की अजून."

"चालतोय कुठला, लंगडतोय. उद्या सकाळी मला दे. त्यातलं सगळं यात घालून देते. फोटो, नंबर, लोकांशी झालेल्या गप्पा, सगळं. तुला काहीसुद्धा करायला नको."

'सगळं' हा शब्द ऐकून आईच्या हातातलं फडकं थांबलं. मुलगी चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायची, आणि तिच्या स्वतःच्या नजरेतून सहसा काही सुटत नसे. ती जेवणाचा डबा उचलून दुकानात निघून गेली, तरी आई फडकं त्याच जागी गोल गोल फिरवत बसली.

प्रकरण असं होतं, की अडुसष्टाव्या वर्षी आई मुलीपासून चोरून एका पुरुषाला गाणी पाठवत होती. आणि तो पुरुष म्हणजे तिचा जावई होता. म्हणजे एके काळी होता. तीन वर्षांपूर्वी मुलीचं आणि त्याचं फाटलं. कुणी कुणाला मारलं-झोडलं नव्हतं, बाहेरचं काही नव्हतं. दोघंही चांगली होती, पण एकत्र बसली की घर मुकं व्हायचं. शेवटी कागदांवर सह्या झाल्या, मुलगी दोन बॅगा घेऊन माहेरी आली, आणि त्या दिवशी आईने रागाच्या भरात फर्मान काढलं, की आजपासून या घरात त्याचं नाव कुणी काढायचं नाही. घरात होत्या दोघीच. मुलीने ते फर्मान इमानेइतबारे पाळलं. मोडलं ते आईने.

त्याला निमित्त झाली एक तबकडी. जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर उंच इमारतींच्या पोटात तेल आणि तारांमध्ये काम, आणि सुट्टीच्या दिवशी सासूच्या जुन्या गाण्यांचा नाद. आईचा त्यातही एक खास हट्ट होता. तबकडीच्या पुढच्या बाजूचं गाणं जग ऐकतं. तिला आवडायचं ते मागच्या बाजूचं, जे कुणी मागत नाही, रेडिओवर लागत नाही, गाणारीलाही कदाचित आठवत नसेल. मुलीला लहानपणापासून त्या गाण्यांनी जांभया यायच्या. जावई मात्र मांडी घालून ऐकायचा आणि संपलं की म्हणायचा, "आई, परत."

फाटाफूट झाली तेव्हा त्याने नेलेली एक तबकडी त्याच्याकडेच राहिली होती. चार महिन्यांनी ती पुठ्ठ्यात नीट बांधून टपालाने आली. आईने फक्त 'पोचली' असं कळवलं. त्यावर उत्तर म्हणून एक व्हिडिओ आला. एक पांढरंशुभ्र बदक फिरत्या तबकडीवर बसलं होतं आणि गोल गोल फिरत असतानाही चेहरा असा, की कचेरीला निघालंय आणि उशीर झालाय. आई स्वयंपाकघरात एकटीच उभी राहून इतकी हसली, की तिला ओट्याचा आधार घ्यावा लागला. त्या चार महिन्यांत त्या घरात कुणी हसलं नव्हतं.

मग तिने त्या परत आलेल्या तबकडीची मागची बाजू लावली, फोन स्पीकरसमोर धरला आणि गाणं पाठवून दिलं. तो दिवस शनिवार होता. तेव्हापासून दर शनिवारी चार वाजता, मुलगी शेजारच्या खोलीत कपाट आवरण्यात नाहीतर बाजारात गुंतलेली असताना, आई आपल्या खोलीचं दार लावून घेई. इकडून एक गाणं जाई आणि तिकडून एक विक्षिप्त व्हिडिओ येई. पाण्याखाली इस्त्री करणारे दोन गंभीर गृहस्थ. घंटीचा आवाज काढून अख्ख्या घराला दाराकडे पळवणारा पोपट. उंच उडीच्या स्पर्धेत दोरीखालून शांतपणे चालत जाणारी बोकडाची स्वारी. रविवारी एकमेकांना एका ओळीचा शेरा द्यायचा. 'दुसऱ्या कडव्यात कुकरची शिट्टी बरोबर सुरात आहे,' असं तो लिही. 'बोकडाला पहिला नंबर द्यायला हवा होता,' असं ती.

बस, एवढंच. बाकी एक अक्षर नाही. सुरुवातीला त्याने एकदा विचारलं होतं, 'आता तुम्हाला काय म्हणू?' तिने लिहिलं, 'काही म्हणू नका. गाणं ऐका.' आणि कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून तिने त्याचा नंबर 'लिफ्ट दुरुस्ती' या नावाने ठेवला होता. आपल्या या हुशारीवर ती बेहद्द खूश होती. त्यांचं घर तळमजल्यावरचं आहे, वर मजला नाही आणि अंगणातून सरळ आत येता येतं, हे तिच्या ध्यानात आज, या पांढऱ्या खोक्यासमोर बसल्यावर आलं.

आधी तिने पळवाटा शोधल्या. फोन हरवला म्हणावं, तर तो शोधायला मुलगी आधी फोनच लावणार. बादलीत पडला म्हणावं, तर आधी तो पाडायला हवा. ती खरंच न्हाणीघरात जाऊन बादलीकडे बघून आली. पण त्या डबड्यात एकशे अठ्ठावीस शनिवार होते. त्यांना बुडवायला हात धजेना.

आणि मग तिला जे खरं बोचत होतं ते वर आलं. मुलीचं पुन्हा लग्न ठरलं होतं. पुढच्याच महिन्यात. माणूस दातांचा डॉक्टर, हसरा, सालस. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नसे आणि तसं तो प्रामाणिकपणे सांगे. आई एकटी पडू नये म्हणून दोघं इथेच राहणार होती, याच घरात. इतके दिवस ही गंमत होती. डॉक्टर इथे राहायला आल्यावर, त्याच्या भिंतीपलीकडे दार लावून बसायचं आणि पहिल्या जावयाच्या बोकडाला हसायचं? मुलगी कितीतरी वर्षांनी सकाळी आरशासमोर गुणगुणायला लागली होती. तिच्या पायात आपण खोडा घालायचा?

आईने तीस वर्षं टेलिफोनच्या ऑफिसात लोकांच्या तारा जोडून दिल्या होत्या. तीन मिनिटं संपली तरी रडणाऱ्या माणसाची लाइन तिने कधी पटकन तोडली नव्हती, त्यासाठी साहेबांची बोलणी खाल्ली होती. आता स्वतःची लाइन तोडायला तिला अख्खी दुपार लागली. तिने लांबलचक लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, त्यात स्वतःचीच दया आली म्हणून तेही पुसलं. शेवटी पाठवलं ते एवढंच:

'हिचं लग्न ठरलं आहे. पुढच्या महिन्यात. आता आपला शनिवार थांबवू या. तब्येतीला जपा.'

त्याने लगेच वाचलं. तो काहीतरी लिहितोय असं दिसलं, मग थांबलं. परत लिहितोय, परत थांबलं. आईने चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा घातला. मग उत्तर आलं.

'बरं, आई.'

अडीच वर्षांत पहिल्यांदा त्याने तिला हाक मारली होती. ती त्या दोन शब्दांकडे बघत राहिली. मग डोळ्यांतलं पाणी गालावर येऊ देऊन, अजिबात न पुसता, तिने ते सगळं काढून टाकलं. नक्की काढायचं का, असं फोनने एकदा विचारलं. तिने हो म्हटलं. बदक, पोपट, इस्त्रीवाले, गाणी आणि ते दोन शब्द, एका बोटासरशी सगळं गेलं.

रात्रीच्या जेवणात मीठ घालायचं राहिलं. मुलगी उठून मीठ घेऊन आली.

शनिवारी सकाळी चहा झाल्यावर मुलगी दोन्ही फोन घेऊन खिडकीशी बसली. आई तिच्याकडे पाठ करून वाळलेले कपडे घडी करत होती. एकाच चादरीची घडी तिने तीनदा मोडली. मध्येच मुलगी "अगं बाई" असं पुटपुटली. आईने कान टवकारले, पण पुढे काही आलं नाही. मग कुणाचा तरी फोन आला, मुलगी बाहेर जाऊन आली, आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास तिने नवा फोन आईच्या हातात दिला.

"घे. झालं. बघ सगळं आलंय का."

आईने उघडला. बहिणीचा नंबर होता, दवाखान्याचा होता, भाच्याच्या मुलाचे बोरन्हाणाचे फोटो होते. ती बोट सरकवत गेली आणि थबकली. 'लिफ्ट दुरुस्ती.' तिने उघडलं. आत सगळं होतं. पोपट होता, बोकड होता, अगदी वर जाऊन पाहिलं तर बदकही होतं. आणि शेवटी गेल्या रविवारचा तिचा शेरा. त्यापुढे काहीच नव्हतं. शनिवार थांबवू या असं तिने कधी लिहिलंच नव्हतं, असं तो फोन सांगत होता. 'बरं, आई' हेही नव्हतं.

"हे..." आईने फोन मुलीपुढे धरला.

"नवा फोन मी गुरुवारीच आणला होता," मुलगी खोक्यातल्या तारा गुंडाळत म्हणाली. "दुपारी तू आडवी झाली होतीस, तेव्हा जमतंय का बघायला म्हणून सगळं उतरवून घेतलं. आज जुन्यात बघते तर लिफ्टच गायब. मग गुरुवारचंच घातलं."

"तू वाचलंस?"

"तळमजल्यावरच्या घराला दर शनिवारी लिफ्टवाला लागतो, म्हटलं भानगड तरी काय आहे. वाचायला आहे काय त्यात? नुसतं गाणं, बोकड, गाणं, पोपट." तिने आणखी एक तार गुंडाळली. "बदक मात्र मी तीनदा बघितलं."

आई पलंगाच्या कडेवर बसली. "मी काल बंद करून टाकलं गं. कळवलं त्यांना. तुझं आता सगळं नव्याने सुरू होतंय. उद्या डॉक्टरांना काय वाटेल?"

"डॉक्टरांना काल संध्याकाळीच सांगितलं मी. ते म्हणाले, मलाही बदक बघायचंय."

"चेष्टा नको करूस."

"चेष्टा नाही." मुलीने तारा खाली ठेवल्या आणि ती आईजवळ येऊन बसली. "आई, त्याला मी सोडलं. मला सोडायचं होतं, म्हणून. तू कशाला सोडायचं? निघताना मला एकाच गोष्टीचं वाईट वाटलं होतं. म्हटलं, आता हिची ती भयाण गाणी कोण ऐकणार."

"भयाण?"

"भयाणच आहेत. मी शेजारच्या खोलीत असते शनिवारी, माहितीये ना तुला?"

आईला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिला ठसका लागला. मुलीने तिच्या पाठीवर दोन धपाटे घातले, पाणी आणून दिलं आणि कपड्यांची चळत उचलून ती निघून गेली.

चारला पाच मिनिटं होती. आईने कपाटातून एक तबकडी काढली, पुसली, मागची बाजू वर करून ठेवली. सवयीने ती दार लावायला उठली, अर्ध्या वाटेतून परत फिरली. दार तसंच उघडं राहिलं. तिने सुई टेकवली, नवा फोन दोन्ही हातांनी स्पीकरसमोर धरला आणि रेकॉर्डिंगची लाल खूण दाबली. खरखर सुरू झाली, मागून सारंगी आली.

पहिलं कडवं संपत होतं तेव्हा मुलगी उशांचे अभ्रे घेऊन दारात आली. फोनवर लाल खूण चालू आहे हे तिला दिसत होतं. तिने आवाज जराही खाली आणला नाही.

"थोडं मोठं लाव, आई. लिफ्टच्या मशिनच्या खोल्यांत राहून राहून उजव्या कानाने कमी ऐकू येतं त्याला. सांगणार नाही कधी, पण येत नाही."

इतक्या वर्षांत आईला हे ठाऊक नव्हतं. तिने एका हाताने आवाज वाढवला आणि दुसऱ्या हाताने फोन तसाच, गाणं संपेपर्यंत धरून ठेवला.