तिसरा शॉक

राधिकाला बाळंत होऊन दोन महिने झाले होते, आणि वीस दिवसांपासून ती दगडासारखी बसून होती. बोलणं बंद, तोंडात दिलेला घास तोंडातच राही. बाळ बाटलीवर आलं. अंगाऱ्या-धुपाऱ्यानं गुण येईना, तेव्हा अंगदनं बायकोला औंढ्याहून हिंगोलीच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर शिलाबाईंनी विजेच्या शॉकचं नाव काढलं आणि अंगदची आई चंद्रभागाबाई जागची उठलीच. सुनेचा मेंदू जाळतात की काय!

अंगदनं सही केली. म्हातारी नातवाला मांडीवर घेऊन दाराशी बसली.

एक दिवसाआड दोन शॉक झाले. फरक काही नाही. वर प्रत्येक शॉकच्या आधी आणि नंतर नर्स रक्त काढी. तिसऱ्या खेपेला म्हातारीनं डॉक्टरांनाच अडवलं.

"दोनदा रगत काहून घेता? आधीच तिच्या अंगात जीव न्हाई."

शिलाबाई तिच्याशेजारी बाकड्यावर टेकल्या. "आजी, आधी भूल देतो, तिला काही कळत नाही. शॉकनं मेंदूत झटका आला की रक्तात काही हार्मोन वाढतात. त्यातलं एक बाईच्या अंगात दूध तयार करतं. ते किती वाढतं, हे आम्ही बघतोय. अंगदला विचारूनच."

"मंग वाढलं का?"

"दोन्ही वेळेस. दोन-तीन तासांत ते परत उतरतं."

"म्हंजी पोरगी बरी व्हणार?"

"त्यावरून तसं सांगता येत नाही, आजी."

म्हातारी तडक लेकाकडे वळली. "चल घरी. ह्यांनाच ठाव न्हाई."

अंगद भिंतीकडे बघत म्हणाला, "आजचा एक होऊ दे, माय. गुण न्हाई आला तर मीच नेतो घरी."

दार लागलं. अर्ध्या तासानं राधिकाला बाहेर आणलं. तिची चोळी ओली झालेली बघून म्हातारीनं नर्सचा हात धरला.

"दूधच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "क्वचित येतं असं. घाबरू नका."

तेवढ्यात बाळ रडलं. राधिकानं सावकाश मान वळवली.

"कोणाचं हाय लेकरू?"

इतक्या दिवसांनी बोलली, आणि हे बोलली! म्हातारीनं बाळ तिच्यापुढं धरलं. "तुहंच हाय, बाई."

राधिकानं तोंड परत भिंतीकडे फिरवलं. शॉकनंतर थोडा वेळ असा गोंधळ होतो, डॉक्टर म्हणाल्या. तो वेळ सरता सरेना.

दुपारी अंगदनं वरणात कुस्करलेल्या भाकरीचा घास पुढं केला. तिनं तो चावला, गिळला.

"आत्याबाई, मीठ कमी हाय."

अंगद ताट तसंच ठेवून डोळे पुसत बाहेर निघून गेला.

डॉक्टरांच्या हिशेबानं अजून पाच-सहा शॉक बाकी होते. संध्याकाळी चंद्रभागाबाईनं नर्सला गाठलं आणि विचारलं, "परवाच्या शॉकसाठी किती वाजल्यापासून उपाशी ठेवायचं तिला?"