बांबू आणि प्लमची फांदी

शशीचा हात थरथरतो हे मला पोह्यांच्या चमच्यावरून कळलं. चमचा बशीवर टकटक वाजला, त्याने झटकन हात मांडीवर घेतला आणि मी पेपरात डोकं घातलं. माझा नवरा डोळ्यांचा सर्जन आहे. लोकांच्या डोळ्यांत इतकुसं पातं घालतो. त्या सकाळपासून माझा जीव टांगणीला लागलाय.

पण सांगायचं कसं? नाकावर माशी बसू न देणारा माणूस! "देविका, तू जीपी, साधी फॅमिली डॉक्टर, तू खोकला-पडसं बघ," म्हणाला असता मेला. मी गाडी चालवायला बसले तरी शेजारी बसून हवेत ब्रेक दाबतो, म्हणून स्टिअरिंग कायम त्याच्याच हातात.

शेवटी रविवारी मी त्याला इथे लंडनमध्येच हॅरोला, माझ्या चायनीज इंक पेंटिंगच्या क्लासला ओढून नेलं. त्या पातळ कागदावर शाई पडली की पडली, पुसणं-सुधारणं नाही. बांबूचा दांडा तर एका दमात खालून वर न्यायचा. माझ्याऐवजी कागदच सांगेल, असा माझा डाव होता. भित्रटपणाच, दुसरं काय!

आमच्या शिक्षिका, हाँगकाँगच्या मिसेस लाउ नेहमीसारखं सांगत होत्या, "बांबू म्हणजे सरळ माणूस. वादळात वाकतो, मोडत नाही. आणि आतून रिकामा, काही लपवत नाही."

शशीने ब्रश टेकवला. दांडा वर जाता जाता नागमोडी झाला, कडेला शाईचे दात उमटले. त्याने कागद चुरगळून कचऱ्याच्या बिनमध्ये टाकला आणि हसून म्हणाला, "ब्रश बेकार आहे."

मिसेस लाउंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग त्याच्यापुढे नवा कागद ठेवून म्हणाल्या, "तुम्ही प्लमचं फूल काढा. ऐन थंडीत म्हाताऱ्या, वेड्यावाकड्या लाकडावर फुलतं ते. तुमचा हात त्यालाच हवा."

आणि काय सांगू, फांदी अशी उतरली की सगळा क्लास टाळ्या वाजवायला लागला! प्रत्येक थरथरीची एक गाठ झाली होती, खरीखुरी. शशीची कॉलर ताठ. मी त्याला घाबरवायला आणलं होतं आणि इथे त्याच आजाराचं कौतुक चाललं होतं.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "बघितलंस? आहे ना अजून हात? हे क्लिनिकमध्ये लावतो."

"बांबू कुठाय?"

"टाकला."

मी पर्समधून तो चुरगळलेला कागद काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

"बिनमधून उचललास?" त्याचा आवाज चढला. "लाज नाही वाटत?"

"भीती वाटते! उद्या सकाळी तू कुणाच्या तरी आईच्या डोळ्यात पातं घालणार आहेस, शशी. मला झोप लागत नाही. तुझी भीती वाटते मला."

तो ओरडेल म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण तो ओरडला नाही. कितीतरी वेळ तो त्या कागदाच्या सुरकुत्या बोटाने सरळ करत बसला.

"मला वाटलं, तुला दिसलं नाही," तो म्हणाला. "परवा ऑपरेशन करता करता मध्येच थांबून मी ज्युनियरला पुढे केलं. त्याला शिकवतोय असं दाखवलं. देविका, घाम फुटला होता गं मला."

मग त्याने स्वतःच हॉस्पिटलला फोन लावला. उद्या ऑपरेशन करणार नाही, आधी स्वतःला तपासून घेणार आहे, एवढंच इंग्रजीत सांगितलं आणि फोन ठेवला. मला हायसं वाटायला हवं होतं. निदान तेवढ्यापुरतं तरी.

तो दार उघडून उतरला, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आला आणि किल्ली माझ्यापुढे धरली. किल्ली किणकिण वाजत होती.

"सरक," तो म्हणाला. "घरी तू ने."